भिंतीपलीकडची बहीण

पलीकडच्या घरात पुन्हा काहीतरी धप्पकन आपटलं आणि पाठोपाठ बाईचा आवाज आला, दातावर दात दाबून कळ सोसावी तसा. वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीला कान लावला. अजून एक धप्प. मग पुरुषाचा खालच्या पट्टीतला आवाज, "ऊठ. परत."

"ऐकलंत?" तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा जेवत होता. तो त्या इमारतीचा सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळ्यांची कटकट त्याच्याकडे यायची, आणि म्हणून त्याच्या बायकोला आख्खी इमारत वहिनी म्हणायची. "मी काय बहिरा आहे?" तो म्हणाला आणि ताटातलं ढवळत बसला. त्यालाही घास जात नव्हता.

शेजारच्याला सगळे पहिलवान म्हणत. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचं त्याचं काम. मान अशी नव्हतीच, डोकं सरळ खांद्यावर बसवलेलं. राहायला आल्या आल्या त्याने सुतार बोलावून दाराला आतून जाडजूड लोखंडी अडसर बसवून घेतले आणि खिडक्यांच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. महिनाभराने त्याच्या घरात एक बाई असल्याचं कळलं. "बहीण आहे," एवढंच तो बोलला. बहीण कधी खाली उतरली नाही, गच्चीवर आली नाही, कुणाच्या दारात उभी राहिली नाही. तो कामावर जाताना बाहेर उभा राहायचा आणि आतून अडसर सरकल्याचा आवाज आल्यावरच जिना उतरायचा.

वहिनी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. रक्ताचा डाग कितीही घासून धुतला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. तसा डाग तिला गच्चीवरच्या दोरीवर दिसला, पहिलवानाच्या घरच्या अभ्र्यावर. मग एकदा तो दूध घ्यायला दार उघडून उभा असताना त्याच्या मागे बहीण दिसली. बारीक चणीची, केस कापलेले, आणि दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे.

"काही त्रास आहे का गं?" वहिनीने त्याच्या खांद्यावरून विचारलं.

"नाही वहिनी. पडले मी."

"वहिनी, तुमचं दूध उतू जाईल," पहिलवान म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी वहिनीच्या तोंडात तीळ भिजला नाही. तळमजल्यावरच्या सायकलवाल्याला कळलं, वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या गुरुजींना कळलं. सेक्रेटरीने पोलिसात फोन केला. एक हवालदार आला, आत गेला, चहा पिऊन बाहेर आला. "बाई म्हणते भाऊ चांगला आहे. तिची तक्रार नाही तर मी काय करू?" असं म्हणून निघून गेला.

"धाकात आहे बिचारी," सायकलवाला म्हणाला. "हवालदारासमोर कोण बोलेल?"

यानंतर आठवड्याभरात लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी एक माणूस वहिनीला भेटायला आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागावं. त्याने पाकिटातून फोटो काढला. फोटोत तीच होती, लांब केसांची, गुबगुबीत, त्याच्या शेजारी उभी.

"माझी बायको आहे," तो म्हणाला. "तिचं डोकं थोडं फिरलंय. औषधं चालू होती, पण भाऊ येऊन उचलून घेऊन गेला. वर्ष होत आलं, मी दारोदार फिरतोय. तुमच्या इमारतीत अशी कुणी आहे, असं ऐकलं."

वहिनीने काही बोलायच्या आतच तिचा चेहरा बोलला.

"मारतो का तो तिला?" त्याने विचारलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. वहिनीच्या हातातली चादर घसरली, तर ती उचलून त्याने कडेला कड जुळवून घडी घालून दिली. असा पुरुष तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने सगळं सांगितलं. कितवा मजला, कोणत्या हाताचं दार, पहिलवान कधी निघतो, कधी येतो, अडसर कसे आहेत, मागून जिना आहे का.

"डॉक्टरला घेऊन येतो एक दिवस," तो म्हणाला. "पोलीस नकोत, घाबरेल ती. तोवर तुमचं लक्ष असू द्या. माझा नंबर लिहून घ्या."

सेक्रेटरीने तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला.

सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. वहिनी घरी आणलेले कोट इस्त्री करत होती. पलीकडे धप्प झालं, मग दुसरं, आणि मग बाई ओरडली, या वेळी मोकळ्या गळ्याने. सेक्रेटरी उठला. एरवी मुंगीला वाट देऊन चालणारा माणूस, पण त्याच्या कपाळाची शीर उडत होती. त्याने जिन्यातून हाक मारली. सायकलवाला लोखंडी पाइपचा तुकडा घेऊनच वर आला. गुरुजी आले, ते मागे उभे राहिले.

"दार उघड," सेक्रेटरीने दारावर मूठ आपटली.

अडसर सरकले. पहिलवानाने वीतभर दार उघडलं. तो घामाने निथळत होता, ओठातून रक्त येत होतं. "काय आहे?"

"तिला बाहेर पाठव."

"ती येणार नाही. तुम्ही जा. मी हात जोडतो, आवाज करू नका."

सायकलवाल्याने दाराला खांदा दिला. पहिलवानाने आतून रेटून वरचा अडसर परत सरकवला. मग गुरुजींसकट तिघांनी मिळून जोर लावला तेव्हा वरचा अडसर लाकडासकट उपटून निघाला, बिजागरी वाकली आणि पहिलवान चौकटीत अडकल्यासारखा उभा राहिला, दोन्ही हातांनी दोन्ही बाजू धरून. त्याने एक ठोसा मारला असता तर सेक्रेटरी जिन्यावरून गडगडत खाली गेला असता. त्याने मारला नाही. तो फक्त वाट अडवून उभा होता आणि मागे न बघता सांगत होता, "आत जा चिमणे. मोरीत जाऊन कडी लाव."

सायकलवाल्याने पाइप त्याच्या बोटांवर मारला. पहिल्या फटक्याला हात सुटला नाही. दुसऱ्याला बोटं मोडल्याचा आवाज वहिनीला तिच्या दारापर्यंत ऐकू आला, काटकी मोडावी तसा. तिसरा दुसऱ्या हातावर बसला. मग तो गुडघ्यावर आला आणि दोघांनी त्याला जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत ओढलं. सेक्रेटरी लाथा घालत होता. बरगडीत, पोटात, पाठीत. प्रत्येक लाथेला तो "बाईमाणसावर हात टाकतोस," एवढंच म्हणत होता. दम लागल्यावर तो थांबला, भिंतीला टेकला, फोन काढला आणि म्हणाला, "साहेब, या. घेऊन जा तुमच्या मंडळींना. त्याचे हात आता कुणावर उठायचे नाहीत."

चिमणी मोरीत गेलीच नव्हती. ती बाहेर धावली तशी वहिनीने तिला मिठीत घट्ट धरलं. "घाबरू नकोस बाळा, सुटलीस तू." चिमणीने तिच्या दंडाचा असा कडकडून चावा घेतला की वहिनी किंचाळून मागे झाली. चिमणी भावाच्या अंगावर आडवी पडली.

"मला शिकवत होता तो," ती म्हणाली. ओरडली नाही. "मारायला शिकवत होता मला. पडून उठायला. काय केलंत तुम्ही?"

उघड्या दारातून आतलं दिसत होतं. जमिनीवर दोन गाद्या अंथरलेल्या, छताच्या हुकाला वाळूचं पोतं साखळीने टांगलेलं, त्याच्यावर खडूने माणसाचा आकार काढलेला आणि गुडघ्यांच्या जागी फुल्या. चिमणीच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. पहिलवानाचा ओठ तिनेच फोडला होता.

सायकलवाल्याने पाइप खाली ठेवला, हळूच, जणू तो त्याचा नव्हताच.

चिमणी वहिनीकडे वळली. "कुणी आलं होतं का चौकशीला? चष्मेवाला. गोड बोलतो."

सेक्रेटरी तिच्या दंडाला चिमटा घेत होता. "आला होता," ती म्हणाली. "मीच सांगितलं सगळं. आणि यांनी आत्ता फोन केला त्याला."

चिमणीने खांद्यावरून सदरा ओढून मान दाखवली. कानाच्या मागून पाठीपर्यंत भाजल्याचा जुना, सुरकुतलेला पट्टा. "झोपेत ओतलं होतं त्याने पाणी. उकळतं. नंतर फडक्याने टिपून घेतलं, घाईघाईने नाही, अगदी नीट." ती उठली. "आत घ्या याला. हात लावा कुणीतरी."

गुरुजी जिना चढायला लागले होते. म्हणाले, "मी पोलिसांना फोन करतो घरून." सायकलवाला जिना उतरून गेला आणि त्याच्या दाराची कडी लागल्याचं वर ऐकू आलं. सेक्रेटरीने पहिलवानाच्या काखेत हात घालून त्याला एकदाचं आत नेलं, त्याच्याच घराच्या गादीवर निजवलं आणि बायकोला ओढत आपल्या घरात आणून दार लावलं.

"पोलीस येतील आता," तो म्हणाला. "आपण मध्ये पडायचं नाही."

"आपणच पडलोय की मध्ये," वहिनी म्हणाली.

ती दाराच्या भिंगातून बघत राहिली. जिन्याच्या कोपऱ्यावरचं शेजारचं दार तिला तिरपं दिसत होतं. चिमणी ते लावायचा प्रयत्न करत होती. ते लागत नव्हतं. बिजागरी वाकलेली, अडसराला धरायला लाकूडच उरलं नव्हतं. तिने आतून कपाट सरकवायला घेतलं; फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग थांबला. ते कपाट एकटीने सरकणारं नव्हतं. पोलिसांच्या आधी जिन्यावर पावलं वाजली. घाई नव्हती त्या पावलांना. तो एकटाच होता, डॉक्टर वगैरे कुणी नव्हतं. दारापुढे येऊन त्याने चष्मा काढला, डबीत घातला, डबी खिशात ठेवली. मग बॅगेतून मोठ्या पात्याची सुरी काढली आणि बॅग भिंतीला नीट टेकवून ठेवली.

वहिनीने कडीला हात घातला. सेक्रेटरी दाराला पाठ लावून उभा राहिला. "वेडी झालीस? मरशील."

"बाजूला व्हा."

"अगं, माझं ऐक. जेलमध्ये जाईन मी. तू गप्प बस, काही पाहिलं नाही म्हण."

पलीकडून कपाट आदळल्याचा आवाज आला. वहिनीने मागे वळून टेबलावरची इस्त्री उचलली. वायर तिने हिसका देऊन काढली. इस्त्रीचा तळ अजून सणसणून तापलेला होता. सेक्रेटरीने तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि तो बाजूला झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोला घाबरायची त्याची ही पहिलीच वेळ.

शेजारच्या घरात पहिलवान उठला होता. कसा उठला ते देव जाणे. बोटं मिटत नव्हती म्हणून त्याने दोन्ही कोपरांची मिठी त्या माणसाच्या पायांना घातली होती आणि तो माणूस खाली वाकून त्याच्या पाठीत सुरी घालत होता. काढत होता आणि घालत होता. तोंडाने एक शब्द नाही. चिमणी भिंतीला चिकटून उभी. इतके दिवस शिकलेलं सगळं तिच्या अंगातून गळून गेलं होतं. ती फक्त बघत होती आणि तिच्या पायाखाली ओलं झालं होतं.

"चिमणे," पहिलवान म्हणाला. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. "गुडघा."

ती हलली. तिने टाच उचलली आणि माणसाच्या गुडघ्यावर कडेने घातली. पाय भलत्याच बाजूला वळला. तो खाली कोसळला, पण सुरी हातातच होती आणि पडता पडता त्याने ती चिमणीच्या पोटरीत ओढली. ती वाकली तसे त्याने तिचे केस धरायला हात टाकला. केस धरण्याइतके नव्हते. त्याने गळा धरला.

वहिनीने इस्त्री त्याच्या सुरीच्या हातावर ठेवली आणि वर स्वतःचं सगळं वजन टाकलं, लॉन्ड्रीत जाड चादरीवर टाकायची तसं. कातडं चरचरलं. घरभर वास सुटला. तेव्हा तो ओरडला, पहिल्यांदा. बोटं उघडली, सुरी सुटली, पण दुसऱ्या हाताने त्याने ती उचलली आणि न बघता मागे फिरवली. वहिनीच्या गालावरून काहीतरी थंड गेलं. मग तिथे आग झाली आणि तिच्या गळ्यावरून ऊन ऊन रक्त उतरायला लागलं. ती मागे पडली. इस्त्री तिच्या पायाशी आपटून फुटली.

तो तिच्या अंगावर आला, मोडका पाय ओढत, रांगत. चष्म्याशिवाय त्याचे डोळे बारीक दिसत होते. "तुम्ही कशाला आलात वहिनी?" तो म्हणाला, तितक्याच मऊ आवाजात. "तुमचं काम झालं होतं."

चिमणीने उपटून पडलेला अडसर उचलला होता. तिने तो दोन्ही हातांनी त्याच्या मानेत घातला. तो तोंडावर पडला. मग डोक्यात घातला. तो हलायचा थांबला तरी ती थांबली नाही. वहिनी गालाला पदर दाबून तिथेच बसली होती. तिने "पुरे" म्हटलं नाही. एकेक घाव आधी हाडावर पडल्यासारखा वाजत होता, मग चिखलात पडल्यासारखा. शेवटी पहिलवान म्हणाला, "बस, चिमणे. दमशील," आणि तिने अडसर टाकला.

पोलीस आले तेव्हा दारात सेक्रेटरी उभा होता. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो कुणाला द्यायचा हे त्याला कळत नव्हतं.

पहिलवान वाचला. सुरी फुप्फुसात गेली होती, पण मणक्याला लागली नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली, बाकीची वाकडी जुळली. बर्फाची लादी सोडाच, त्याला सदऱ्याची गुंडी लावता येईना. वहिनीच्या गालाला टाके पडले आणि तोंडाचा एक कोपरा कायमचा खाली ओढला गेला. ती त्याच हॉस्पिटलात होती, जिथल्या चादरी ती धुवायची. चालता यायला लागल्यावर ती पहिलवानाच्या खोलीपाशी जाऊन उभी राहायची. चिमणी शेजारच्या खुर्चीवर असायची, दारात एक पोलीस बाई. चिमणीने तिला कधी आत बोलावलं नाही आणि कधी जा म्हटलं नाही. एकदा पहिलवानानेच पाहिलं. "या वहिनी," तो म्हणाला. "दूध उतू गेलं का?" आणि हसायला गेला तर खोकल्याने त्याला असं पछाडलं की नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं.

चिमणीवर खटला चाललाच. माणूस मेला होता, आणि पहिल्या घावानंतरचे घाव कशासाठी, असा सरकारी वकिलाचा सवाल होता. वहिनीला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी सेक्रेटरी तिच्यासमोर बसला. त्याचे केस गेल्या काही महिन्यांत पांढरे झाले होते.

"तिच्याबद्दल सांग, माझी ना नाही," तो म्हणाला. "पण आधीचं कशाला? दार कुणी तोडलं, हात कुणी मोडले, ते कुणी विचारणार नाही. मी घरचा माणूस आहे तुझा."

"दार तुटलं नसतं तर तिला अडसर हातात घ्यावाच लागला नसता," वहिनी म्हणाली. "ते सांगितल्याशिवाय पुढचं कसं सांगू?"

"चांगल्यासाठीच केलं ना आपण."

"हो. तेही सांगेन."

आणि तिने सांगितलं. वाकड्या तोंडाने शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून न्यायाधीशबाई तिला मधूनमधून परत बोलायला लावायच्या. पाइप, लाथा, फोन, लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी तिने स्वतः दिलेली माहिती, सगळं तिला दोनदोनदा सांगावं लागलं. सरकारी वकिलाने विचारलं, "तो हलायचा थांबल्यावरही ती मारत राहिली, हे खरं?"

"खरं आहे."

"मग तुम्ही तिला अडवलं का नाही?"

"मला अडवायचं नव्हतं," वहिनी म्हणाली.

चिमणी सुटली. सेक्रेटरी आणि सायकलवाला आत गेले. गुरुजींना ताकीद मिळाली आणि ते गाव सोडून मुलाकडे राहायला गेले. इमारतीतले लोक वहिनीशी बोलेनासे झाले. नवऱ्याला जेलमध्ये धाडणारी बाई म्हणून तिच्याकडे बोट दाखवायचे. ती दर महिन्याला नवऱ्याला भेटायला जायची, स्वच्छ कपडे घेऊन. पहिल्या दोन भेटींत तो जाळीपलीकडे मान फिरवून बसला. तिसऱ्या भेटीत त्याने विचारलं, "त्या पहिलवानाचे हात कसे आहेत?"

"नर्स म्हणत होती, गुंडी लावतो आता," ती म्हणाली. "वरची नाही, खालच्या."

त्याने मान हलवली.

त्याआधी, चिमणी सुटल्याच्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर चिमणी वहिनीच्या समोर येऊन थांबली होती. तिचे केस कानापर्यंत वाढले होते. पहिलवान दोन पायऱ्या खाली उभा होता, कठड्याला कोपर टेकून.

"तुम्ही दार उघडून आलात, ते मी विसरणार नाही," चिमणी म्हणाली. "आधीचं पण विसरणार नाही. दोन्हींची वजाबाकी मला जमत नाही. म्हणून मला भेटायला येऊ नका."

"नाही येणार," वहिनी म्हणाली.

"आम्ही कुठे राहतो ते पण शोधू नका."

"नाही."

चिमणीने तिच्या गालाकडे पाहिलं, हात थोडा उचलल्यासारखा केला, पण लावला नाही. ती खाली उतरली, भावाच्या काखेत हात घातला आणि दोघं रस्ता ओलांडून गर्दीत मिसळले. पहिलवान उंच होता, तो बराच वेळ दिसत राहिला. मग वहिनीने पर्समधून लॉन्ड्रीचं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं. दुपारची पाळी लागायची होती आणि तिथे चादरींचा ढीग साचला असणार होता.